इस्लामी बँक आणि पारंपरिक बँक: कार्यक्षमता नेमकी कोणाची मोजायची?

वाणिज्य शाखेच्या प्रकल्प-अहवालांत एक घोळ वर्षानुवर्षे चालत आला आहे. दोन्ही प्रकारच्या बँकांच्या नफ्याची टक्केवारी शेजारी शेजारी मांडली जाते आणि ज्याचा आकडा मोठा, तो प्रकार कार्यक्षम ठरवला जातो. नफा बाजारातील दरांवर, करांवर आणि स्पर्धेवरही अवलंबून असतो, तर कार्यक्षमता म्हणजे हाती असलेल्या साधनांतून किती काम उभे राहिले याचे माप, आणि या दोहोंची गल्लत मला अक्षम्य वाटते.

पारंपरिक बँक सोलापूरकरांना समजावून सांगावी लागत नाही, कारण नागरी सहकारी बँकेच्या सभासदाला ठेवी, कर्जे आणि व्याजातील तफावत चांगली ठाऊक असते. इस्लामी बँकेत व्याज वर्ज्य असते. मुराबहा व्यवहारात बँक वस्तू स्वतः विकत घेते आणि आपला नफा उघड करून ती ग्राहकाला हप्त्यांनी विकते, तर इजारात ती भाड्याने देते. भारतात अशा बँकेचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवले, त्यामुळे अभ्यासाची आकडेवारी मलेशिया, आखाती देश अशा ठिकाणांहूनच घ्यावी लागते.

खरी अडचण पुढे आहे. टॉवेल विणणाऱ्या हातमागावरच्या कारागिराचे दिवसाचे उत्पादन यंत्रमागवाल्यापेक्षा कमी भरले, म्हणून तो कामात कच्चा ठरत नाही. आधी त्याची तुलना हातमागावरच्याच सर्वांत निष्णात कारागिराशी करावी लागते आणि त्यानंतर दोन मागांच्या कमाल क्षमतेतील अंतर वेगळे मोजावे लागते. बँकांचेही असेच आहे. आपल्याच प्रकारातील सर्वोत्तम बँकेपासून एखादी बँक किती दूर आहे हा तिच्या व्यवस्थापनाचा प्रश्न असतो, तर तो प्रकारच सर्वांच्या सामाईक सीमेपासून, म्हणजे दोन्ही प्रकारच्या बँका मिळून गाठलेल्या कमाल पातळीपासून, किती दूर आहे हा कार्यपद्धतीचा प्रश्न असतो.

जोन्स, इझेल्दिन आणि पप्पास या अभ्यासकांनी २००४ ते २००९ या काळातील आकडेवारीवर हीच फोड केली. एकूण कार्यक्षमतेत दोन्ही प्रकार सरासरीने बरोबरीचे निघाले. मात्र आपापल्या प्रकारातील सर्वोत्तम बँकांशी ताडून पाहता इस्लामी बँका सरस होत्या आणि कार्यपद्धतीच्या मापावर मागे होत्या. व्यवस्थापकांनी कमावलेले पद्धतीने गमावले, आणि केवळ बेरीज पाहणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही. खरेदी आणि विक्री असे दोन व्यवहार, प्रत्येक करार ग्राहकागणिक बेतणे आणि व्यवहार इस्लामी धर्मनियमांत बसतो का हे पाहणाऱ्या शरिया मंडळाची तपासणी यांत वेळ व पैसा जातो, हे लक्षात घेतले की हा निष्कर्ष अनपेक्षित राहत नाही.

केवळ खर्च-उत्पन्न गुणोत्तरावर, म्हणजे उत्पन्नाच्या तुलनेत खर्च किती यावर, निकाल देण्यालाही माझा ठाम विरोध आहे. बेक, देमिर्गुच-कुंट आणि मेरूश यांच्या २०१३ च्या अभ्यासात इस्लामी बँका खर्चाच्या बाबतीत कमी कार्यक्षम दिसल्या, तरी त्यांच्या मालमत्तेचा, म्हणजे मुख्यतः दिलेल्या वित्तपुरवठ्याचा, दर्जा आणि भांडवलाची स्थिती अधिक चांगली होती.

म्हणून प्रकल्पाच्या तक्त्यात किमान दोन स्वतंत्र रकाने हवेत. दोष व्यवस्थापनाचा असेल तर उपाय शाखा, माणसे आणि देखरेख यांत शोधावा लागतो, आणि कार्यपद्धतीचा असेल तर करारांचे नमुने एकसारखे करावे लागतात. तेथे व्यवस्थापक बदलून काहीही साधत नाही.