ट्राउट आणि निम्फ : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गळाला कृत्रिम माशी, म्हणजे फ्लाय, बांधून मासा फसवण्याची कला फार जुनी. ही माशी पाण्यावर तरंगती टाकावी, की निम्फसारखी, म्हणजे कीटकाच्या पंख फुटण्यापूर्वीच्या पाण्याखालच्या अवस्थेसारखी, बुडवावी, हा त्यातला जुना वाद. मॅसिडोनियात त्यासाठी लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे वापरत, अशी नोंद इ.स. २०० च्या सुमाराची आहे. ट्राउट या थंड, वाहत्या पाण्यातल्या माशाच्या वागण्याचा विचार करायचा तर मात्र तिथून थेट १८५७ कडे यावे. त्या वर्षी स्कॉटलंडमधल्या एका मासेमाराने ठामपणे लिहिले, की ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि मागचे त्याला दिसत नाही. तेव्हा खालच्या अंगाने वर सरकत जा आणि फ्लाय त्याच्या पुढे टाका.

हा विचार पुढे रुजला तो इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात, टेस्ट आणि इचेन या नद्यांवर. खडूच्या थरांतून झिरपलेले त्यांचे पाणी इतके नितळ, की काठावरून मासा नजरेत ठेवता येतो. नेढे असलेले गळ, तेल पाजलेली रेशमी दोरी आणि चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्या याच सुमारास हाती आल्या आणि पाण्यावर तरंगणारी ड्राय फ्लाय अचूक टाकणे सोपे झाले. १८८६ आणि १८८९ मधल्या दोन पुस्तकांनी त्याची पद्धत घालून दिली. पृष्ठभागावर येऊन खाणारा मासा आधी हेरायचा, तो कोणता कीटक खातो ते ओळखायचे आणि हुबेहूब तसाच तरंगता फ्लाय टाकायचा. ही शिस्त सुंदर होती. पण तिच्या अनुयायांनी तिचा धर्म केला, आणि तिथून बिघडले.

इचेनवर मासेमारी करणाऱ्या लंडनच्या एका वकिलाला दिसत होते, की पाण्यावर भोवरा उठतो, शेपटी बाहेर येते, तरीही मासा तरंगत्या फ्लायला तोंड लावत नाही. पकडलेल्या माशाच्या जठरातले खाद्य तो हाडातला मगज काढायच्या लांब चमच्याने बाहेर काढून बशीत पाण्यात पसरून पाही. त्यात पंख फुटलेले कीटक थोडे आणि अजून पाण्याखालीच असलेल्या त्यांच्या निम्फ अवस्था जास्त असत. मासा वर उठताना दिसला, तरी खात होता तो पृष्ठभागाच्या खाली. १९१० आणि १९२१ च्या पुस्तकांत त्याने हे मांडले आणि त्या अवस्थेसारखा बांधलेला कृत्रिम निम्फ प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाकण्याची पद्धत सुचवली.

ड्राय फ्लायच्या बाजूने असलेल्या विरोधकांचा एक आक्षेप खरोखर वजनदार होता. बुडवलेल्या फ्लायला लहान मासे फार लागतात आणि जखमी होतात, असे ते म्हणत. पण प्रवाहाच्या खालच्या दिशेने ओढत नेलेली जुनी वेट फ्लाय, म्हणजे बुडणारी माशी, आणि हेरलेल्या एकाच माशापुढे सोडलेला निम्फ यांना त्यांनी एकाच मापाने मोजले, हे मला अन्यायाचे वाटते. १९३८ मध्ये लंडनमध्ये यावर रीतसर चर्चा भरली, तेव्हाही बहुतेक बोलणे शिष्टाचाराचे झाले. बशीतला पुरावा कुणी खोडून काढला नाही.

नंतरच्या काळाने मात्र तो पुरावा उचलून धरला. विल्टशरमधल्या एव्हन नदीच्या एका राखणदाराने तांब्याची तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांचे तंतू एवढ्यावर वजनदार निम्फ बांधला. तो माशापुढे आल्यावर काठीचे टोक हलकेच उचलायचे. निम्फ वर सरकतो आणि पृष्ठभागाकडे निघालेल्या कीटकासारखा भासल्याने मासा झेप घेतो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेन्सिल्व्हेनियातल्या अभ्यासात जंगली ब्राउन ट्राउट वर्षानुवर्षे त्याच ठरावीक जागांवरून, संथ पाण्यात थांबून शेजारच्या वेगवान धारेतले खाद्य टिपताना आढळले. हौदात वाढवून सोडलेले मासे मात्र इकडेतिकडे फिरत शक्ती वाया घालवत. संथ आणि वेगवान पाण्याची शिवण शोधा, हा आजचा सल्ला याच निरीक्षणाशी जुळतो.

ब्रिटिशांनी १९०० च्या सुमारास काश्मीरच्या पाण्यात आणून सोडलेला ब्राउन ट्राउट याच जातीचा, त्यामुळे तिथल्या लिद्दर नदीवर जाणाऱ्या मराठी मासेमारालाही हे सगळे लागू पडते. हॅम्पशरमध्ये मात्र बऱ्याच खासगी पट्ट्यांवर १ जुलैपूर्वी निम्फला मनाई आहे, आणि त्यानंतरही तो प्रवाहाच्या वरच्या दिशेनेच टाकावा लागतो.