अर्ज चाळणारं यंत्र

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत बायोडाटा घेऊन गेटवर थांबणारी पोरं आजही दिसतात. पण मोठ्या कंपन्यांचे अर्ज आता ऑनलाइन भरले जातात आणि अनेक ठिकाणी त्यांची पहिली चाळणी सॉफ्टवेअर लावतं.

त्यातली काही सॉफ्टवेअर अर्जातले शब्द आकड्यांत बदलतात आणि पूर्वी निवडलेल्या लोकांच्या अर्जांशी ते किती जुळतात हे मोजतात. मेख इथेच आहे. ॲमेझॉनने 2014 मध्ये असं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. त्याला शिकायला दिले मागच्या दहा वर्षांतले अर्ज, त्यांत बहुतेक पुरुषांचे. मग ‘महिला बुद्धिबळ क्लब’सारखा उल्लेख दिसला की ते गुण कापू लागलं. कंपनीने ते गुंडाळलं; 2018 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ही बातमी दिली. आता आपल्याकडचं बघा. एखाद्या कंपनीने आजवर पुण्या-मुंबईचीच मुलं घेतली असतील, तर गंगाखेडचं किंवा कळंबचं कॉलेज म्हणजे उणी बाजू, हे यंत्र कुणी न सांगताच शिकेल. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

माणसाची नजर तरी कुठे निर्मळ असते? अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोमध्ये केलेल्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सारख्याच तोडीचे अर्ज नावं बदलून पाठवले होते. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे 50 टक्के जास्त बोलावणी आली.

त्यापेक्षा फिटरची ट्रेड टेस्ट पाहा. माइल्ड स्टीलचा तुकडा, कानस आणि ड्रॉइंग. तुकडा घासून झाला की ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावून उजेडाकडे धरायचा; फट असेल तर लगेच दिसते. बारीक माप घेणारा व्हर्निअर लावला की माप बसतं किंवा बसत नाही. तिथे आडनाव, गाव, फाडफाड इंग्रजी काहीच कामाला येत नाही. निवडपद्धतींवरच्या अनेक दशकांच्या संशोधनातही गप्पावजा मुलाखतीपेक्षा सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत सरस ठरली आहे. अशा चाचण्या उद्या लातूरच्या आयटीआयमध्ये बसून, मराठीतून सूचना ऐकत देता आल्या, तर भरतीचं चित्रच पालटेल.

न्यूयॉर्क शहरात 2023 पासून अशा सॉफ्टवेअरची दरवर्षी भेदभावासाठी तपासणी करावी लागते आणि उमेदवाराला आधी कळवावं लागतं. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्याने भरतीतल्या एआयला जास्त जोखमीच्या गटात टाकलं आहे. आपल्याकडे असा कायदा येईपर्यंत कॉलेजांच्या प्लेसमेंट विभागांनी कॅम्पसला येणाऱ्या कंपनीला एवढं तरी विचारावं: आमच्या मुलांचे अर्ज आधी कोण चाळतं, आणि बाद झालेले अर्ज एखाद्या माणसाने उघडून पाहिले का?