सवलतीतील नसबंदी सेवा (पाळीव कुत्री-मांजरे)

अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील कुत्र्या-मांजरांची नसबंदी विनामूल्य किंवा परवडेल अशा शुल्कात करून देणारी व्यवस्था. या शस्त्रक्रियेत मादीचे अंडाशय काढतात, बहुधा गर्भाशयासह; नराची वृषणे काढतात. माणसांच्या नसबंदीत नलिका बांधल्या जातात आणि संप्रेरके पूर्ववत राहतात. इथे मात्र संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथीच निघतात. त्यामुळे पिल्ले होणे थांबते, मादीचा माज बंद होतो, आणि नराचे मादीच्या मागे भटकणे, मारामाऱ्या व जागोजागी मुतणे बरेच कमी होते.

गरज : मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते. तिचा गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. ‘एकदा पिल्लं होऊ देऊ, मग बघू’ असे ठरवणाऱ्या घरात वर्ष संपायच्या आत दुसरे वेत झालेले असते. आधी एक वेत झाल्याने मादीच्या प्रकृतीला काही फायदा होतो, असा पुरावा नाही. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. पिल्लांना घरे मिळाली नाहीत की ती रस्त्यावर येतात किंवा बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात जातात, आणि जागा अपुरी पडणाऱ्या निवाऱ्यांत त्यांतल्या अनेकांना मारले जाते.

उत्पन्नाचा आणि नसबंदीचा संबंध किती घट्ट आहे, हे अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले. घरांत पाळलेल्या मांजरांपैकी सुमारे ८० टक्क्यांची नसबंदी झालेली होती. वर्षाला ७५,००० डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्या घरांत हे प्रमाण ९६ टक्क्यांच्या आसपास होते, तर ३५,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांत जेमतेम ५१ टक्के. गरीब माणसाला जनावराची पर्वा नसते, असे म्हणणे सोपे आहे आणि ते चूक आहे. स्वतःच्या ताटातला घास काढून मांजरीला घालणारी माणसे शस्त्रक्रियेच्या रकमेपाशी अडतात.

ही रक्कम म्हणजे फक्त दवाखान्याचे बिल नव्हे. आधीची तपासणी, लसी, वेदनाशामके यांचे पैसे वेगळे. सकाळी सोडायला आणि संध्याकाळी आणायला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. मोठ्या कुत्र्याला बसमध्ये घेत नाहीत, रिक्षावाला नको म्हणतो, मांजरासाठी पिंजरा नसतो. त्यात भुलीची भीती असते. म्हणून नुसते शुल्क कमी करणाऱ्या योजना अर्ध्यावर अडतात. ज्या योजना वस्तीतून प्राणी उचलून नेतात व परत आणून सोडतात, पिंजरा उसना देतात किंवा फिरते शस्त्रक्रिया-वाहनच दारात आणतात, त्यांच्याकडे लोक येतात.

इतिहास : गरिबांच्या प्राण्यांना फुकट उपचार देण्याचे संघटित काम सवलतीतील नसबंदीपेक्षा जुने आहे. मारिया डिकिन यांनी १९१७ मध्ये लंडनच्या पूर्व भागात असा दवाखाना सुरू केला आणि त्यातून ब्रिटनची पीडीएसए ही संस्था उभी राहिली. नसबंदीवरच भर देणारा अमेरिकेतला पहिला महापालिका दवाखाना लॉस एंजेलिसमध्ये १९७१ साली निघाला. न्यू हॅम्पशायर राज्याने १९९४ पासून राबवलेली योजना धोरणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरली. कुत्र्यांच्या परवान्यावर लहानसा अधिभार लावून तिचा पैसा उभा केला गेला, आणि सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांना अगदी थोडी रक्कम भरून खासगी पशुवैद्याकडूनच शस्त्रक्रिया करून घेता येऊ लागली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या निवाऱ्यांत मारल्या जाणाऱ्या प्राण्यांची संख्या झपाट्याने खाली आली. १९९४ मध्येच नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल येथे ‘ह्यूमेन अलायन्स’ ही संस्था स्थापन झाली. एका दिवसात अनेक शस्त्रक्रिया सुरक्षितपणे कशा करायच्या, याचे प्रशिक्षण तिने पुढे इतर दवाखान्यांना दिले. निवारा-पशुवैद्यांच्या अमेरिकी संघटनेने अशा दवाखान्यांसाठी २००८ मध्ये वैद्यकीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि २०१६ मध्ये त्या सुधारल्या.

खर्च कसा उतरतो : स्वस्त म्हणजे हलकी शस्त्रक्रिया, हा समज या कामाचे सर्वांत जास्त नुकसान करतो. चांगल्या केंद्रात खर्च वाचतो तो कामाच्या मांडणीमुळे. एक सहायक भूल देतो, दुसरा केस काढून कातडी धुतो, आणि शल्यविशारद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकत फक्त शस्त्रक्रिया करत राहतो. लहान मांजरीच्या पोटावर जेमतेम दोन सेंटिमीटरचा छेद पुरतो. बोथट आकडीने गर्भाशयाचे शिंग (त्याचा एका बाजूचा फाटा) वर घेतले जाते. मांजरीच्या अंडाशयाच्या रक्तवाहिन्यांना वेगळा धागा न वापरता त्यांचीच गाठ मारता येते. बोक्याच्या वीर्यनलिका व रक्तवाहिन्यांचीही तशीच गाठ बसते आणि त्याला कातडीवर टाका लागत नाही. मादीचे टाके कातडीच्या आत, विरघळणाऱ्या धाग्याने घालतात. ते काढायला पुन्हा यावे लागत नाही, म्हणजे घरच्यांची आणखी एक मजुरी वाचते. छेदाजवळ हिरव्या शाईची बारीक रेघ गोंदतात. हरवून दुसऱ्याच्या हाती लागलेल्या मादीचे पोट नसबंदी झाली आहे की नाही हे बघायला पुन्हा उघडले जाऊ नये, एवढ्यासाठी ती रेघ.

काही गोष्टींत काटकसर चालत नाही. प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र निर्जंतुक अवजारे, नेमके वजन करून भुलीची मात्रा, वेदनाशामक, भूल असताना श्वास-नाडीवर सतत लक्ष आणि शुद्धीवर येताना ऊब हे सगळे हवेच. लहान पिल्लांना मोठ्या प्राण्यांइतके उपाशी ठेवायचे नसते. त्यांच्या रक्तातली साखर पटकन उतरते, म्हणून जागे होताच थोडे खायला देतात. यांतले काही गाळून शुल्क कमी करणारे शिबिर गरिबाची फसवणूक करते, कारण गुंतागुंत झाली की तो खर्च त्याच्याच डोक्यावर येतो.

घरी पाठवताना दहा ते चौदा दिवस उड्या, आंघोळ आणि जखम चाटणे टाळायला सांगतात. नर लगेच निर्बीज होत नाही, काही आठवडे त्याला माजावरच्या मादीपासून दूर ठेवावे लागते. हे तोंडी सांगून भागत नाही. घरच्या भाषेतला, चित्रे असलेला कागद आणि रात्री उचलला जाणारा फोन नंबर सोबत दिलेला बरा.

आरोग्य : नसबंदी न झालेल्या माद्यांत, विशेषतः वाढत्या वयाच्या कुत्रीत, गर्भाशयात पू होण्याचा आजार आढळतो. त्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती साध्या नसबंदीच्या कितीतरी पट महाग पडते. जिथे नसबंदीलाच पैसे नव्हते, तिथे या आजारात बहुधा मादी जाते. लवकर नसबंदी झालेल्या मांजरींत स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी असतो. कुत्रींतही तसे मानले जाते. समागमातून पसरणाऱ्या कुत्र्यांच्या लैंगिक अर्बुद (जननेंद्रियावरील गाठी) या रोगाचा धोकाही कमी होतो. दुसरी बाजू लपवू नये. भूक वाढून वजन वाढते, काही कुत्रींना पुढे नकळत लघवी होते, आणि मोठ्या जातींच्या कुत्र्यांत फार लवकर केलेल्या नसबंदीचा सांध्यांच्या विकारांशी संबंध दिसला आहे. अशा कुत्र्यांसाठी वाढ पुरी होईपर्यंत थांबण्याचा सल्ला अनेक पशुवैद्य देतात. मांजरांची मात्र पाचव्या महिन्यापर्यंत उरकावी.

पात्रता आणि वाद : बहुतेक योजना उत्पन्नाचा दाखला किंवा सरकारी मदतीचे कार्ड मागतात, काही ठिकाणी ठरावीक वस्तीतला पत्ता पुरतो. ऐपत असलेले लोक सवलत लाटतात आणि आपले उत्पन्न बुडते, ही खासगी पशुवैद्यांची जुनी तक्रार आहे. ती सरसकट फेटाळता येत नाही. पण कागदपत्रांची चाळणी जितकी बारीक, तितके खरे गरजू बाहेर राहतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे, रोजंदारीवरच्या माणसाकडे दाखले कुठून येणार? एका सधन घराला चुकून सवलत मिळण्याने होणारे नुकसान एक मादी परत पाठवण्याच्या नुकसानीपेक्षा नक्कीच लहान आहे. सध्याची मोठी अडचण मनुष्यबळाची आहे. २०२० च्या कोविड साथीत अनेक ठिकाणी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या, आणि अनेक देशांत पशुवैद्यांचा तुटवडा असल्याने प्रतीक्षायादी महिनोन्‌महिने लांबते. तेवढ्या काळात मांजरी व्यालेली असते.

पर्याय : शस्त्रक्रियेविना प्रजनन रोखण्याचे प्रयत्न चालू आहेत. कातडीखाली बसवायचे संप्रेरक-रोपण काही देशांत वापरले जाते, पण त्याचा परिणाम ठरावीक काळापुरताच टिकतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच इंजेक्शनने दिलेल्या जनुकोपचारानंतर सहा मांजरींपैकी एकीलाही गर्भ राहिला नाही. हा उपचार अजून प्रायोगिक आहे.