अक्षर नसलेली पोथी

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी जिला ‘पोथी’ म्हणतात, तिच्यात वाचायला काहीच नसतं. एका आख्यानाची साधारण ३० ते ५० चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक चित्र लोकांसमोर उभं धरतो, थोडं गातो, थोडं बोलतो. शब्द सगळे मुखोद्गत. चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही सापडतो. पिंगुळीच्या कलेला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. ती टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली.

भाषेच्या वर्गात चित्र आलं ते मात्र वेगळ्या वाटेनं. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसचं लॅटिन-जर्मन सचित्र पाठ्यपुस्तक १६५८मध्ये न्यूरेंबर्गला छापलं गेलं. त्यात दीडशे प्रकरणं. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा आणि मजकुरात त्याच आकड्याचा शब्द. आपल्या शाळांतले ‘चित्र पाहा, नाव सांगा’ तक्ते याच घराण्यातले. शब्दसंग्रहाला ठीक, पण मूल नामांची यादी सांगून थांबतं. चित्रांच्या पाट्या दाखवून गोष्ट सांगण्याची जपानी पद्धत, कामिशिबाई, या दोन्हींच्या मधली: मजकूर असतो, पण पाटीच्या मागे. पुढची पाटी सरकवून मागे ठेवली की तिच्या पाठीवरचं सांगणाऱ्याला दिसतं, म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पाटीमागे लिहितात.

बोलायला शिकवायचं असेल तर आमचं मत पिंगुळीच्या बाजूनं. पाच-सहा चित्रं पुरतात. कथेत जिथे काहीतरी बदलतं तेवढेच प्रसंग निवडायचे, ए-थ्री कागदावर जाड मार्करनं काढायचे. बारीक रेघ मागच्या बाकावरून दिसत नाही. चौघांचा गट, प्रत्येक चित्राला मिनिटभर. कागदावर, मागेपुढे कुठेही, एक शब्दसुद्धा लिहायचा नाही. संवादाचा फुगा काढला की मुलं तो वाचून मोकळी होतात.

पहिल्या फेरीत हमखास दोन गोष्टी बिघडतात. चित्र डोळ्यांसमोर असल्यामुळे मूल वर्णन करतं: ‘राजा बसला आहे, शिपाई उभा आहे.’ कथा पुढे सरकतच नाही. अशा वेळी चित्र खाली करायला लावावं आणि तेच वाक्य पुन्हा मागावं. समोर चित्र नसलं की ‘आहे’चं ‘होता’ बहुतेकदा आपोआप होतं: ‘राजा बसला होता…’ आणि आता पुढे काहीतरी घडावंच लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘मग’. मग राजा आला, मग तो बोलला, मग ती रडली. ‘मग’वर सरसकट बंदी घालू नये, मुलं गप्पच होतात. दर चित्राला एकच ‘मग’ द्यावा. बाकीचे सांधे ‘तेवढ्यात’, ‘तोवर’, ‘इकडे’, ‘म्हणून’ यांनी जोडायचे. ‘इकडे’ सगळ्यात अवघड जातं, कारण त्यासाठी चित्रात नसलेलं माणूस लक्षात ठेवावं लागतं.