शंकूच्या सूत्रातला एक तृतीयांश

त्रिकोणाच्या क्षेत्रफळातला ‘अर्धा’ लगेच पटतो. आयत कर्णावर कापला की दोन सारखे तुकडे हातात येतात. पिरॅमिडच्या आणि शंकूच्या घनफळातला (पाया गुणिले उंचीचा) ‘एक तृतीयांश’ मात्र बहुतेक जण नुसता पाठ करतात. तो पक्का व्हायला माणसाला फार मोठी वाट चालावी लागली.

मॉस्को पपायरस ही इजिप्तमधली गुंडाळी इसवी सनापूर्वी १८५०च्या सुमाराची. तिच्यातल्या चौदाव्या उदाहरणात माथा कापलेला पिरॅमिड आहे: पायाची बाजू ४, माथ्याची २, उंची ६. लेखनिक पायरीपायरीने सांगत जातो. ४चा वर्ग १६, ४ दुणे ८, २चा वर्ग ४, बेरीज २८. उंचीचा तिसरा हिस्सा २. अठ्ठावीस दुणे ५६. उत्तर तंतोतंत बरोबर! कारण कुठेच दिलेले नाही, पण तो तिसरा हिस्सा तिथे आहे.

कारण दिले ग्रीकांनी. आर्किमिडीजने नोंदवून ठेवले आहे की हा नियम आधी डेमोक्रिटसने सांगितला आणि सिद्ध केला तो यूडॉक्ससने. पुढे खुद्द आर्किमिडीजने गोलाचे घनफळ शोधले: गोल ज्या वृत्तचितीत नेमका बसतो, तिच्या दोन तृतीयांश. म्हणजे त्याच पायाचा आणि उंचीचा शंकू, गोल आणि वृत्तचिती यांचे प्रमाण १ : २ : ३. इतके सुंदर प्रमाण भूमितीत क्वचितच भेटते. गोल आणि वृत्तचितीची आकृती आपल्या थडग्यावर कोरावी, अशी त्याची इच्छा होती. इसवी सनापूर्वी ७५ मध्ये रोमन वक्ता सिसेरोला सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये झुडपांत हरवलेले ते थडगे या आकृतीवरूनच ओळखता आले.

आपल्याकडे आर्यभटांनी ४९९ मध्ये परीघ आणि व्यासाचे गुणोत्तर ३.१४१६ दिले, वर ते ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचे, आहे हेही सांगितले. पण त्याच ग्रंथात त्रिकोणी पायाच्या पिरॅमिडचे घनफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मे धरले आहे. त्रिकोणाला अर्धा, म्हणून याही आकृतीला अर्धा, असा विचार त्यामागे असावा असे मला वाटते. गोलाचे त्यांचे उत्तरही खऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त येते. एवढ्या मोठ्या गणितीलाही इथे चकवा बसला, यावरून हा प्रश्न किती अवघड होता ते कळते. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये ‘सूची’साठी, म्हणजे वर टोकाशी निमुळत्या होणाऱ्या आकृतीसाठी, तिसरा हिस्सा बरोबर दिला. गोलाचा हिशेब भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, ११५० मध्ये, चोख मांडलेला दिसतो: वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे पृष्ठफळ, त्याला व्यासाने गुणून ६ने भागले की घनफळ.

पण हा तिसरा हिस्सा आयताच्या अर्ध्यासारखा कापून दाखवता येईल का? घनापुरता येतो. घनाचा एक कोपरा शिखर धरा आणि त्याला न लागणाऱ्या तिन्ही पृष्ठांवर एकेक पिरॅमिड उभा करा. तिन्ही पिरॅमिड अगदी सारखे निघतात. बाकीच्या पिरॅमिडांचे काय? यूडॉक्ससला त्यासाठी तुकडे लहान-लहान करत न्यावे लागले होते. तुकडे कापून जुळवण्याचा हाच प्रश्न १९०० साली जर्मन गणिती हिल्बर्टने न सुटलेल्या प्रश्नांच्या आपल्या प्रसिद्ध यादीत तिसरा म्हणून घातला, आणि त्याच वर्षी त्याचा शिष्य मॅक्स डेन याने उत्तर दिले. पाया आणि उंची सारखी असलेले असेही दोन पिरॅमिड असतात, की एकाचे मोजता येतील असे कितीही तुकडे केले तरी ते जुळवून दुसरा होत नाही.