सिलेंडरवाले काका आणि माझी उसण

मागच्या महिन्यात पाण्याचा २० लिटरचा जार डिस्पेन्सरवर चढवताना कमरेत अशी उसण भरली की दोन दिवस बुटाची लेस बांधायला बायको लागत होती. त्याच आठवड्यात नारायण पेठेतल्या आमच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये सिलेंडरवाले काका तिसऱ्या मजल्यावर आले, गॅस १४.२ किलो, लोखंड साधारण तेवढंच, म्हणजे ३० किलो खांद्यावर, आणि वर मलाच विचारतात, "काय साहेब, कंबर धरली का?"

२० किलोत माझी गेली, ३० किलोत त्यांची नाही, असं कसं?

सगळा खेळ अंतराचा आहे. बागेतला सी-सॉ आठवा. पाठीचे स्नायू दोन मणक्यांमधल्या चकतीच्या (डिस्कच्या) मध्यापासून जेमतेम ५ सेंमी मागे, आणि मी जार हात लांब करून धरलेला, समजा ५० सेंमी पुढे. दहापट! म्हणजे २० किलो तोलायला स्नायूंना २०० किलोइतकं ओढावं लागतं, वाकलेल्या धडाचं ओझं वेगळंच, आणि हा सगळा दाब जातो चकतीवर. काकांच्या खांद्यावरचं वजन मात्र मणक्याला जवळपास चिकटून.

अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं वजन उचलण्याबद्दलचं १९९१ चं सूत्र हेच सांगतं. वजन अंगाजवळ, कमरेच्या जरा खाली, पीळ नाही, अधूनमधूनच उचलायचं, तर मर्यादा २३ किलो. घोट्यांपासून २५ ऐवजी ५० सेंमी लांब धरलं की थेट साडेअकरा. यात काकाही बसत नाहीत बरं का, जिने तर त्या सूत्रात धरलेच नाहीत. "त्यांना सवय असते" म्हणून आपण मोकळे होतो, गुडघ्यांचं कोण विचारतं?

माझी अजून एक चूक म्हणजे हिंजवडीहून तासभर गाडीवर पोक काढून आलो आणि हेल्मेट काढल्या काढल्या जार उचलला. बराच वेळ वाकून बसलं की मणक्याचे अस्थिबंध (हाडांना हाडं बांधून ठेवणारे पट्टे, लिगामेंट) ताणून सैल पडतात, परत घट्ट व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढं दोन मिनिटं चालायचं. सकाळी उठल्या उठल्याही जपून, रात्रभर चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. (पाय बधिर झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही तर मात्र घरगुती लेप-बिप नको, लगेच डॉक्टर.)

परवा नीट बघितलं, काकांनी सिलेंडर ओट्याखाली नेताना उचललाच नाही, तिरका केला आणि कडेवर गरगर फिरवत नेला. आमचा जारही आता खालीच असतो, वर पंप लावलाय.