ट्रॅक हब आणि फ्रीव्हील हब: उलट्या आट्यांची दुसरी पायरी

जुन्या रेसिंग सायकलींच्या जाहिरातीत 'ओरिजिनल ट्रॅक हब' असं लिहिलेलं दिसलं की मी एकच फोटो मागतो. हब म्हणजे चाकाच्या मधला तुंबा; ट्रॅकच्या सायकलला कॉग त्याला पक्का जोडलेला असतो, म्हणून चाक फिरतं तोवर पायडलही फिरतात. कॉग (साखळी ज्यावर चालते ते मागचं दातेरी चक्र) आणि लॉकरिंग (त्याला जागेवर दाबून धरणारी कडी) काढा आणि हबच्या उजव्या टोकाचा फोटो तिरक्या उजेडात, जवळून घ्या. बऱ्याचदा तो येतच नाही. येतो तेव्हा त्यात पुष्कळदा साधं फ्रीव्हीलचं, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या दातेरी चक्राचं, हब असतं, त्यावर कॉग आवळलेला आणि वर कुठली तरी रिंग चढवलेली. विकणारा फसवत असतो असं मला वाटत नाही. त्यालाही कोणीतरी तेच सांगून विकलेलं असतं, आणि घोळ हातोहात पुढे जातो.

फ्रीव्हीलचं हब तुम्ही शंभर वेळा उघडलं असेल. उजवीकडे सुलट्या (उजवीकडे फिरवलं की आवळणाऱ्या) आट्यांचा एकच पट्टा, त्यावर फ्रीव्हील फिरवून बसवायचं, पायडल मारत गेलं की ते आपोआप घट्ट होतं. काढायला टूल लावून दोन माणसांचा जोर लागतो. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

ट्रॅक हब ओळखायच्या म्हणून ज्या खुणा सांगितल्या जातात, त्यातल्या बहुतेक बिनकामाच्या आहेत. मोठी फ्लँज (आरे अडकवायची हबवरची चकती) म्हणजे ट्रॅक, ही सगळ्यात पसरलेली चूक. काम्पान्योलोने रेकॉर्ड मालिकेत मोठ्या फ्लँजची हब रोडसाठीही बनवली आणि ट्रॅकसाठीही, त्यामुळे फ्लँजवरून काहीच सिद्ध होत नाही. क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक सोडवणारी खटकी) नसून १५ मिलिमीटरचे नट आहेत, हेही पुरेसं नाही, कारण अॅक्सल दहा मिनिटांत बदलता येतो. मागची रुंदी १२० मिलिमीटर, जुन्या हबांत ११०, हे मोजून बघायला हरकत नाही, पण वायसर टाकून तीही हवी तशी करता येते. आऱ्यांची संख्या तर सोडूनच द्या. जुन्या ब्रिटिश चाकांत पुढे ३२ आणि मागे ४० आरे असत, मग ते चाक रोडचं असो की ट्रॅकचं. फ्रेमच्या मागच्या खाचा मागच्या बाजूला उघडतात म्हणून आतलं हब ट्रॅकचंच, असंही कोणी धरून चालू नये.

खरा फरक एकाच जागी आहे, आणि तो कॉगखाली झाकलेला असतो.

ट्रॅक हबच्या उजव्या टोकाला आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली पायरी मोठी, तिच्यावर कॉग बसतो. तिचे आटे सुलटे, इंग्लिश मापात व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. फ्रीव्हीलचंही माप हेच, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण ट्रॅकचा कॉग फ्रीव्हीलच्या हबवर विनातक्रार चढतो. बाहेरची दुसरी पायरी लहान असते, १.२९ इंच, तीही इंचाला २४ आट्यांची, पण हे आटे उलटे. लॉकरिंग या उलट्या आट्यांवर बसते आणि डावीकडे फिरवली की आवळते. व्हर्नियर लावलात तर आतली पायरी ३५ मिलिमीटरला जराशी कमी भरेल आणि बाहेरची ३३ ला जराशी कमी. फ्रीव्हीलच्या हबला ही दुसरी पायरी नसतेच.

उलटे आटे कशासाठी, हे डोळ्यांसमोर आणायला सायकलच्या उजव्या बाजूला उभे राहा. पुढे पायडल मारताना साखळीचा वरचा पदर ताणला जातो आणि कॉग घड्याळाच्या दिशेने ओढला जातो. सुलट्या आट्यांवर म्हणजे तो आवळत जातो. ट्रॅक सायकलला ब्रेक नसतो, वेग कमी करायचा तो पाय रोखून. पाय रोखले की साखळीचा खालचा पदर ताणतो, आणि कॉग घड्याळाच्या विरुद्ध, म्हणजे सुटण्याच्या दिशेने ढकलला जातो. सुटायला निघालेला कॉग बाहेर सरकून लॉकरिंगला टेकतो आणि तिलाही स्वतःबरोबर त्याच दिशेने फिरवू बघतो. पण रिंगचे आटे उलटे, म्हणून ती त्या दिशेला फिरताना सुटायच्या ऐवजी आत येते, कॉगवर दाबली जाते. कॉग जितका बाहेर यायला बघेल तितकी रिंग त्याला आत दाबेल. ट्रॅक हबची सगळी करामत एवढ्यातच आहे, आणि मला ती आजही फार सुंदर वाटते. एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन आटे, बाकी काही नाही.

स्प्रिंटच्या शर्यतीत हे सगळ्यात चांगलं कळतं. प्रतिस्पर्ध्याने आधी पुढे जावं म्हणून दोन्ही सायकलपटू ट्रॅकवर चक्क उभे राहतात, चाक इंच-दोन इंच पुढे-मागे हलवत तोल धरतात. त्या काही सेकंदांत कॉगवर एकदा आवळण्याचा आणि एकदा सोडवण्याचा जोर येत राहतो. मग एकजण झेप घेतो आणि पूर्ण ताकद एका झटक्यात साखळीवर पडते. १९७७ ते १९८६ अशी सलग १० वर्षं जपानच्या कोइची नाकानोने व्यावसायिक स्प्रिंटचं विश्वविजेतेपद जिंकलं. त्या वेगातल्या माणसाचा जीव या रिंगेवर असतो.

आता सगळ्यात धोकादायक घोळ. इंग्लिश मापाच्या बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलच्या दांड्यांचा आस जिथे फिरतो त्या भागाच्या) डाव्या वाटीवर जी रिंग असते, तिचंही माप १.३७ इंच आणि २४ आटे, सुलटे. म्हणजे ती फ्रीव्हीलच्या हबवर कॉगच्या मागोमाग अलगद बसते. लांबून बघितलं तर कॉग आहे, रिंग आहे, ट्रॅक हब वाटतं. पण दोघांचे आटे एकाच दिशेचे. पाय रोखले की कॉग सुटतो आणि रिंगलाही सोबत घेऊन सुटतो. लॉकटाइट (आटे चिकटवणारा गोंद) लावलं, रिंग जीव खाऊन आवळली, तरी तो फक्त घर्षणाचा भरवसा. फ्रीव्हील वेल्ड करून 'फिक्स' केलेलं चाकही याच जातीचं. वेल्डिंगने आतले दात जाम होतात, हबवरचे आटे तेच राहतात.

मी स्वतः यात फसलो आहे. पोस्टाने मागवलेलं एक जुनं मागचं चाक, रिंगसकट, मोठ्या फ्लँजचं, वर्णन 'ट्रॅक'. रॉकेलमध्ये भिजवून हुकाचा पाना रिंगला लावला आणि सवयीने उजवीकडे जोर दिला, कारण उलट्या आट्यांची रिंग उजवीकडे फिरवली की सुटते. हलेना. अजून जोर दिला, अजून घट्ट झाली. शेवटी सहज डावीकडे ढकलून पाहिलं तर रिंग निमूट फिरली आणि मागोमाग कॉगही सैल झाला. तेव्हा कळलं की ही बॉटम ब्रॅकेटची रिंग. पुसून घेतल्यावर खाली एकच पट्टा, टोकाच्या दोन-तीन आट्यांची कड चेपलेली, अॅल्युमिनियमची बारीक कीस कापडावर. ते चाक मी चालवायला काढलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो.

म्हणून घरी हातात हब आल्यावर मोजमापाआधी मी हे करतो. टोक वर येईल असं हब उभं धरायचं. अंगठ्याचं नख आट्यांच्या खाचेत ठेवून उजवीकडे सरकवायचं. सुलटे आटे असतील तर नख वर चढत जातं. बाहेरच्या पायरीवर तेच केलं आणि नख खाली उतरत गेलं, की समजावं ट्रॅक हब. दोन्हीकडे वरच चढलं, किंवा पायरीच दिसली नाही, तर ट्रॅकच्या भावाने पैसे देऊ नका.

दोन्ही बाजूंना आटे असलेली हब बघताना डोकं जरा जास्त शांत ठेवावं. ब्रिटिश क्लबवाले सायकलपटू एकाच सायकलने प्रवास करायचे आणि तिच्यावरच शर्यतही लढायचे, त्यामुळे तिकडच्या हबांत एका बाजूला फिक्स्ड आणि दुसऱ्या बाजूला फ्री असा प्रकार सर्रास सापडतो. विकणारा नेमका एका बाजूचा फोटो पाठवतो. दोन्ही बाजू मागा. जपानी मालात NJS चा शिक्का असेल तर तो भाग केइरिन (जपानमधली पैजेची ट्रॅक शर्यत) शर्यतीसाठी मंजूर झालेला आहे एवढं नक्की. पण शिक्का बघा, नुसतं कंपनीचं नाव नको. सुझुएने ट्रॅकची हब बनवली तशी साधी फ्रीव्हीलची हबही बनवली.

खरं ट्रॅक हब मिळालं तरी त्यावर वाट्टेल तो कॉग चढवू नये. फ्रेंच आटे ३४.७ मिलिमीटर व्यासाचे, आणि दोन आट्यांतलं अंतर १ मिलिमीटर. फ्रेंच कॉग इंग्लिश हबवर एक-दोन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की संपलं. इटालियन माप ३५ मिलिमीटर, इंग्लिशच्या इतकं जवळ की हाताला फरक कळत नाही. इटालियन कॉग इंग्लिश हबवर सैल बसतो, इंग्लिश कॉग इटालियन हबवर कुरकुरत जातो. काम्पान्योलोची लॉकरिंग १.३२ इंचाची असते, ती १.२९ च्या पायरीवर डगडगते आणि १.२९ ची रिंग १.३२ वर चढतच नाही. ती 'थोडी घासून' बसवणारे लोक मी पाहिले आहेत. स्टीलची रिंग घासली तर दुसरी मिळते. हबच्या अॅल्युमिनियमचे आटे गेले तर ते हब कपाटात ठेवायचं.

बसवताना आटे ब्रशने कोरडे साफ करायचे, ग्रीसचा पातळ हात द्यायचा, कॉग हाताने शेवटपर्यंत न्यायचा. बोटांनी जात नसेल तर माप चुकलं आहे, पाना उचलायचाच नाही. मग चेनच्या पान्याने (साखळीचा तुकडा जोडलेला पाना) आवळायचा आणि रिंग लावायच्या आधी, चाक सायकलला चढवून, पुढचा ब्रेक असलेल्या सायकलवर एखाद्या चढावर नेटाने पायडल मारायचे. पाय मुळीच रोखायचे नाहीत. कॉग अजून पाव फेरा आत जातो. त्यानंतरच रिंग, डावीकडे फिरवून. कॉग नीट बसायच्या आत रिंग आवळली तर पहिल्याच जोराच्या पायडलला कॉग आत सरकतो, रिंग आणि कॉगमध्ये फट पडते, आणि पाय रोखल्यावर कॉग त्या फटीत पुढे-मागे खेळत आटे खाऊ लागतो. बरीच जुनी हब अशीच गेलेली दिसतात.

आणि कृपा करून ही पायरी पॉलिशच्या चाकावर धरू नका. फ्लँज आरशासारखी करायची हौस असेल तर करा, मला आवडत नाही, पण निदान नुकसान होत नाही. आट्यांच्या कडा मात्र बफिंगने गोल होतात आणि रिंगची पकड जाते. माझ्याकडच्या प्रत्येक हबच्या आट्यांवर जुन्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळलेली असते आणि त्या हबची स्वतःची रिंग तारेने अॅक्सललाच बांधलेली असते, कारण डब्यात एकत्र पडलेल्या रिंगांतून नंतर १.२९ ची कोणती आणि १.३२ ची कोणती हे शोधत बसण्यात माझी एक आख्खी दुपार गेली आहे.